समजून घ्या : वृद्धाश्रमात प्रवेश हवाय? अर्ज कुठे, कसा? आणि सही करण्याआधी काय पाहाल?

चितेगाव (ता. पैठण) : मुले कामासाठी बाहेरगावी, घरात म्हातारा-म्हातारी दोघेच. त्यातला एक गेला की दुसऱ्याने राहायचे कुठे? मग ग्रामपंचायतीत चौकशी होते. पण वृद्धांच्या निवासाचा अर्ज तिथे नाही, समाज कल्याण विभागाकडे किंवा थेट वृद्धाश्रमात करायचा असतो.

जवळची सोय कोणती?
चितेगावहून शहराकडे जाताना पैठण रस्त्यालाच मातोश्री वृद्धाश्रम आहे. मातोश्री वृद्धाश्रम ही राज्य सरकारची १९९५ची योजना. तिच्यात निम्म्या जागा विनामूल्य, तर निम्म्या शुल्क भरणाऱ्यांसाठी ठेवल्या आहेत. याशिवाय स्वयंसेवी संस्थांचे अनुदानित वृद्धाश्रमही असतात. सध्या जागा आहे का आणि शुल्क किती, हे जाण्याआधी विचारून घ्या.

पात्रता काय?
पुरुषाचे वय ६०, स्त्रीचे ५५ पूर्ण हवे. संसर्गजन्य आजार नसावा.

कागदपत्रे कोणती?
आधार कार्ड, वयाचा व रहिवासाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि फोटो जवळ ठेवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आश्रमात गेल्यावर मुलांची जबाबदारी संपते का?
नाही. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाह खर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतःला जमत नसेल तर संस्थेमार्फतही करता येतो. कायद्यात महिन्याला कमाल १० हजार रुपयांची मर्यादा आहे. निकाल ९० दिवसांत अपेक्षित असतो, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जमीन आधीच नावावर करून दिली असेल तर?
खरी मेख इथेच आहे. ‘सांभाळू’ या शब्दावर शेत किंवा घर मुलाच्या नावावर होते आणि नंतर घरातच परके व्हायची वेळ येते. कलम २३नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळवता येते. मात्र तशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये म्हटले. अट मोडल्यावर मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, असे न्यायालयाने २०२५मध्ये स्पष्ट केले. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर ‘आयुष्यभर सांभाळ करीन’ ही अट त्यात लिहून घ्या. तोंडी शब्दावर सात-बारा बदलू नका.

मदत कुठे मिळेल?
ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. साधा मोबाइलही चालतो. घरात अर्ज लिहिणारे कोणी नसेल तर पहिला फोन इथेच करा.