मानचिन्हे, कुस्तीतील

कुस्तीत विजयी झालेल्या मल्लाला किताब किंवा रोख इनामाबरोबर दिल्या जाणाऱ्या वस्तू. नारळ, रेवड्या, फेटा, चांदीचे कडे, ढाल आणि गदा या वस्तू महाराष्ट्रात विशेष रूढ आहेत. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल हे खेळ इंग्रजी अमदानीत भारतात आले, तेव्हा त्यांच्याबरोबर चषक आणि करंडकही आले. चषक हे मूळचे पेय पिण्याचे पात्र. विजयोत्सवातील पेयपानाशी त्याचा संबंध जोडला जातो. कुस्तीच्या फडाला या पात्राचे प्रयोजन नव्हते. मल्लाचा दिवस तालमीतल्या मारुतीच्या दर्शनाने सुरू होतो. त्यामुळे त्याच दैवताचे आयुध विजेत्याच्या खांद्यावर यावे, हे स्वाभाविक होते.

गावच्या जत्रेतील फडात मानचिन्हांची चढती श्रेणी एकाच दुपारी पाहावयास मिळते. मराठवाड्यात लोहा तालुक्यातील माळेगाव (जि. नांदेड) येथील खंडोबाची यात्रा आणि महाशिवरात्रीला लातूर येथे भरणारी सिद्धेश्वराची यात्रा कुस्त्यांसाठी प्रसिद्ध आहेत. लहानमोठ्या गावांच्या ग्रामदैवतांच्या जत्रांतही फड भरतो. लोकवर्गणीतून इनामाची रक्कम उभी राहते व पंच ठरविले जातात. फडाची सुरुवात पोरासोरांच्या कुस्त्यांनी होते. त्यांतील विजेत्याला रेवड्या, बत्तासे किंवा नारळ मिळतो. म्हणून ‘रेवड्यांची कुस्ती’ व ‘नारळाची कुस्ती’ हे शब्दप्रयोग रूढ झाले. पुढे अंगलट पाहून तोलामोलाच्या जोडी लावल्या जातात आणि हलगीच्या तालावर इनामाचा आकडा पुकारला जातो. निकाली कुस्ती करणाऱ्याला ठरलेले इनाम मिळते. कुस्ती बरोबरीत सुटली, तर ते बहुधा दोघांत वाटून दिले जाते. विजेता मातीने माखलेल्या अंगानेच प्रेक्षकांपुढून फेरी मारतो व लोक त्याच्या हातावर यथाशक्ती नोटा ठेवतात. ही रक्कम ठरलेल्या इनामात धरलेली नसते. तरीही पुष्कळ मल्लांच्या खुराकाचा खर्च एके काळी याच फेऱ्यांवर चालत असे.

नोटा खुराकात संपतात, नारळ फोडून वाटला जातो, रेवड्या तर फडाबाहेर पडण्यापूर्वीच संपलेल्या असतात. फेटा व कडे मात्र मागे राहतात. फडात बांधलेला फेटा सोडून ठेवला, तरी घरात त्याची ओळख ‘अमुक जत्रेतला’ अशीच राहते. चांदीचे कडे मल्ल हातात घालतो, तेव्हा त्याची योग्यता समोरच्या जोडीदाराला न विचारता कळते. मात्र अडचणीच्या वर्षी हेच कडे सराफाच्या दुकानात जाऊ शकते. दिवसातील शेवटची, म्हणजे ‘मानाची’ कुस्ती ही गदेची. गदा हाती घालता येत नाही की रोजच्या वापरात आणता येत नाही. ती घरात किंवा तालमीत दर्शनी ठेवण्याचीच वस्तू आहे.

गदा हे मल्लाचे केवळ प्रतीक नाही. ते त्याच्या व्यायामाचेही साधन आहे. जोर व बैठकांबरोबर मुद्गल, करेला व गदा फिरविणे हा तालमीतील जुना मेहनतीचा भाग असून त्याने खांदे, मनगटे व पाठ यांना बळकटी येते. मेहनतीची गदा लाकडी किंवा दगडी व ओबडधोबड असते. मानाची गदा चांदीने मढविलेली व नक्षीदार असते. आकार मात्र एकच. मल्लाला त्याच्याच मेहनतीचे साधन अलंकृत करून परत द्यावे, अशी ही कल्पना आहे. क्रिकेटमध्ये विजेत्या कर्णधाराला सोन्याची बॅट द्यावी, तसाच हा प्रकार होय. परंतु क्रिकेटने आपली भिस्त पात्रांवरच ठेवली.

महाराष्ट्र व त्याला लागून असलेला प्रदेश यांत मल्लविद्येला राजाश्रय फार पूर्वीपासून आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे प्रकरण असून त्यात मल्लांचे वर्ग, त्यांचा व्यायाम व आहार आणि कुस्तीचे डाव यांची माहिती आली आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण (जि. बीदर, कर्नाटक). ते लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्याच्या सीमेपासून जवळच आहे. म्हणजे किल्लारी-निलंगा हा पट्टा त्या राजधानीच्या आसमंतातलाच म्हणावा लागेल. आधुनिक काळात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी (कार. १८९४–१९२२) तालमींना उदार आश्रय दिला व खासबाग मैदान उभारले. भारतातील संस्थानिकांप्रमाणे इंग्रज राजपुत्रानेही गदेचा हा संकेत ओळखला होता. १९२२ साली भारतभेटीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने गामा पहिलवानाचा गौरव चांदीची गदा देऊन केला. याच गामाला १९१० साली लंडनमध्ये ‘जॉन बुल’ पट्टा मिळाला होता. पाश्चात्त्य कुस्तीत व मुष्टियुद्धात कमरेचा पट्टा हे विजयाचे चिन्ह असते.

महाराष्ट्रातील सर्वांत मानाची गदा ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची होय. १९५३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील अधिवेशनात हा किताब प्रथम दिला. तो दिनकर दह्यारी यांनी जिंकला. ही स्पर्धा दर वर्षी निरनिराळ्या गावी भरते. तिच्यात माती व गादी असे दोन विभाग असून दोन्हींचे विजेते शेवटी किताबासाठी एकमेकांशी लढतात. परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबाकडून चांदीची गदा देण्याचा प्रघात १९८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात पडला. तिचा गाभा लाकडी असतो व त्यावर चांदीचा नक्षीदार पत्रा चढविलेला असतो. एका बाजूस हनुमानाची व दुसऱ्या बाजूस मामासाहेबांची प्रतिमा असते. हे काम पुण्यातील कारागिरांच्या हातचे आहे.

लातूर येथे १९६९ साली भरलेल्या स्पर्धेतील किताब हरिश्चंद्र बिराजदार (१९५०–२०११) यांनी मिळविला. ते निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. किल्लारी हे गाव शेजारच्या औसा तालुक्यात आहे. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला; त्यापूर्वी हा सर्व भाग उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यात होता. कोल्हापूर, सांगली, सातारा ही कुस्तीची माहेरघरे मानली जात असताना मराठवाड्याच्या या कोरडवाहू पट्ट्यातील तरुणाने आपल्याच भागातील मैदानात किताब जिंकावा, याचे तेथील लोकांना अप्रूप वाटले नसते तरच नवल. बिराजदारांनी पुढील वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि १९७७ साली बंगलोर येथे सतपाल यांच्यावर विजय मिळविला. ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताबही त्यांच्या नावावर आहे. उत्तरायुष्यात त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडविले. लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांनीही मल्ल म्हणून अर्जुन पुरस्कार मिळविल्यानंतर पुण्यात शिष्य तयार केले. जानेवारी २०२० मधील अंतिम कुस्ती त्यांच्याच दोन शिष्यांत, म्हणजे नाशिकचे हर्षवर्धन सदगीर व लातूरचे शैलेश शेळके यांच्यात झाली. निकाल लागताच सदगीर यांनी पराभूत शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्या खांद्यावर थोड्याच वेळाने गदा यायची होती, त्यावर आधी जोडीदार बसला. हे छायाचित्र पुढे सर्वत्र पाहिले गेले.

ही गदा फिरत्या करंडकासारखी नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रणजी करंडक एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो. शाळांच्या सामन्यांतील फिरती ढाल वर्षाअखेर परत करावी लागते. केसरीची गदा मात्र मल्लाच्या मालकीची होते. नरसिंग यादव (२०११–१३) व विजय चौधरी (२०१४–१६) यांनी ओळीने तीन वेळा किताब जिंकला; म्हणजे त्यांच्याकडे तीन-तीन गदा गेल्या. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्यातील ‘ॲशेस’ मालिकेचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. १८८२-८३ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या कर्णधाराला भेट मिळालेला जेमतेम ११ सेंमी. उंचीचा मातीचा कलश लंडनमधील लॉर्ड्‌सच्या संग्रहालयात असतो आणि विजेत्या संघाच्या हाती तो लागत नाही.

चमत्कारिक मानचिन्हांच्या बाबतीत अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची बरोबरी कोणीही करू शकणार नाही. मिशिगन व मिनेसोटा या विद्यापीठांचे संघ पाण्याच्या एका जुन्या सुरईसाठी खेळतात. १९०३ च्या सामन्यानंतर मिशिगनचा संघ ती मैदानावर विसरून गेला होता. आयोवा व मिनेसोटा यांच्यातील मानचिन्ह म्हणजे डुकराचा काशाचा पुतळा. १९३५ साली या दोन राज्यांच्या राज्यपालांनी जिवंत डुकराची पैज लावली होती, तिची ही आठवण. हंगामाच्या शेवटी निमंत्रित संघांत होणाऱ्या सामन्यांना, पहिल्या मोठ्या क्रीडागारांच्या वाडग्यासारख्या आकारावरून, ‘बोल’ म्हणजे वाडगा हे नाव पडले. या सामन्यांना पुढे खाद्यपदार्थांचे उत्पादक पुरस्कर्ते लाभले आणि मानचिन्हेही तशीच झाली. आयडाहो राज्यातील बटाटा उत्पादकांच्या सामन्यात विजेत्या प्रशिक्षकावर तळलेल्या बटाट्याच्या कापांचा वर्षाव होतो. २०२० साली एका मेयोनीज कंपनीच्या सामन्यात विस्कॉन्सिनच्या खेळाडूंच्या हातून स्फटिकाचा चेंडू पडून फुटला, तेव्हा त्यांनी रिकाम्या बैठकीवर मेयोनीजची बाटली ठेवून विजय साजरा केला. पॉप-टार्ट्स या खाद्यपदार्थाच्या नावाने २०२४ साली झालेल्या सामन्याच्या करंडकात तर प्रत्यक्ष पाव भाजता येईल असे टोस्टर बसविलेले होते. यांपैकी सुरई व डुक्कर यांच्यामागे खरा प्रसंग आहे. टोस्टरमागे केवळ जाहिरात आहे. तरीही खेळाडू तो तितक्याच आनंदाने उंचावतात.

महाराष्ट्रातील कुस्तीतही पुरस्कर्त्यांची बक्षिसे मोठी होत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेत नांदेडचे प्रतिनिधित्व करणारे शिवराज राक्षे यांना गदेबरोबर मोटारगाडी व रोख पाच लाख रुपये देण्यात आले. उपविजेते महेंद्र गायकवाड यांच्या वाट्याला ट्रॅक्टर आला. शेतकरी कुटुंबातील मल्लांचे प्रमाण पाहता ट्रॅक्टर ही निवड मोटारीपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. या बदलाला जवळचे एक कारण होते. एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे किताब जिंकणारे कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील यांनी, आपल्याला गदा मिळाली पण रोख रक्कम मिळाली नाही, अशी खंत जाहीरपणे व्यक्त केली. तिचा गवगवा झाल्यावर निरनिराळ्या व्यक्ती व संस्थांनी त्यांना बक्षिसे जाहीर केली. दूध, तूप, बदाम व मांस यांवर मल्लाचा महिन्याचा खर्च सामान्य शेतकरी घराला न पेलणारा असतो. गदेने तो भागत नाही, आणि ती विकणे हे मल्लाला अशक्यप्राय असते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिक स्पर्धेत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांच्या कुटुंबाने २०१७ मध्ये ते कांस्यपदक लिलावात काढण्याचे जाहीर केले होते. खाशाबांच्या नावाने उभारावयाची कुस्ती प्रबोधिनी रखडल्याचा तो निषेध होता.

गदेचे मोल अबाधित राहण्यासाठी ती वर्षाला एकच असावी, हा संकेतही अलीकडे मोडला आहे. कुस्ती संघटनांमधील फुटीमुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाल्या. पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी राक्षे यांना हरविले, आणि त्यानंतर काही दिवसांतच धाराशिव येथे राक्षे यांनी सदगीर यांच्यावर मात करून किताब मिळविला. २०२५ मध्येही हाच प्रकार घडला : फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके विजयी झाले. अहिल्यानगरच्या स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम कुस्तीचा निकाल वादग्रस्त ठरला. राक्षे यांचे दोन्ही खांदे गादीला टेकले होते की नाही, यावरून हा वाद झाला. त्यानंतर २००७ व २००८ या वर्षांचे विजेते चंद्रहार पाटील यांनी, २००९ च्या स्पर्धेत आपल्यावरही अन्याय झाला होता असे सांगून, आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली.