शंभर टक्के कशाचे?

मोबाइलच्या पडद्यावर १००% दिसले, म्हणजे बॅटरी नव्यासारखी आहे का? हंड्याच्या आत क्षारांचा जाड थर बसला, तरी हंडा काठोकाठ भरतोच. त्यात मावणारे पाणी मात्र कमी होते. पडद्यावरचे टक्के बॅटरी किती भरली ते सांगतात. तिच्यात किती मावते ते नाही.

लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर हळूहळू थर वाढतो आणि काही लिथियम त्यात कायमचे अडकते. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ४००० वर आली, की क्षमता ८०% उरली असे आपण म्हणतो. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये हा आकडा सापडतो. झिजेबरोबर बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. त्यामुळे जास्त विद्युतधारा लागताच विभवांतर घसरते आणि २०% शिल्लक दिसत असतानाही फोन एकाएकी बंद पडतो.

मग बॅटरी बदलायची केव्हा? क्षमता ८०% च्या खाली गेली आणि दिवसाचे कामही भागेनासे झाले, म्हणजे. काम भागत असेल, तर घाई नको. बॅटरी फुगली असेल, तर मात्र आकडा पाहत बसू नये. फोन चार्ज करणे लगेच थांबवावे, बॅटरी दाबू किंवा टोचू नये. एरवी ‘फोन जुना झाला’ म्हणण्यापूर्वी आपण एवढे तपासावे: जुना झाला तो फोन, की नुसती बॅटरी?