सिग्नलला गरम, हायवेला गार

सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलं गेलेलं सर्वाधिक तापमान ४२.२ अंश सेल्सिअस आहे, तारीख १४ एप्रिल १९५२. नागपूरकराला हा आकडा मे महिन्यातल्या कुठल्याही दुपारचा वाटेल. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातला मे एरवी ३३-३४ अंशांवर निभावतो. असं असूनही गाडीच्या एसीला मुंबईच्या उपनगरांत जे काम उपसावं लागतं, ते भल्याभल्यांच्या कल्पनेत नसतं.

हिशोब करून बघू. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ही हवा १० अंशांपर्यंत गार केली की तिला एवढी वाफ पेलवत नाही; सोळा ग्रॅमच्या आसपास पाणी गळून पडतं. वाफेचं पाणी होताना प्रचंड उष्णता सुटते आणि तीही एसीलाच उचलावी लागते. म्हणजे एसीची निम्म्याहून जास्त ताकद हवेतलं पाणी पिळून काढण्यात जाते, हवेचं तापमान उतरवायला उरते ती बाकीची. नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना तेवढ्याच हवेतून जेमतेम तीन-चार ग्रॅम पाणी निघतं. बाहेरून घेतलेली हवा १० अंशांवर आणायची तर मुंबईच्या ३३ अंशांच्या हवेतून नागपूरच्या ४३ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दीडपट उष्णता काढावी लागते! विदर्भात घरोघरी वाळ्याचे कूलर चालतात आणि मुंबईत त्यांचा उपयोग होत नाही, त्याचं मूळही याच आर्द्रतेत आहे.

एसी चालू असलेली गाडी उभी केली की डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या जरा पुढे, खाली पाणी ठिबकताना दिसतं. हेच ते पिळून काढलेलं पाणी. दमट दिवशी तासाभरात लिटरभरही निघू शकतं. सोसायटीच्या पार्किंगमधलं हे ओलं वर्तुळ बघून काही जण रेडिएटर गळतोय म्हणून घाबरतात, पण ते एसी नीट चालत असल्याची खूण आहे. मे महिन्यात अर्धा तास एसी चालवूनही खाली थेंब नसेल, तर चौकशी करावी. आणि बाहेर पडायचं पाणी डावीकडच्या पायपुसणीत साचत असेल, आत कुबट वास येत असेल, तर निचऱ्याची नळी धुळीने आणि पाल्याने तुंबली आहे.

आता मूळ यंत्राकडे. नळ्यांमध्ये फिरणारा गॅस म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए. वातावरणाच्या साध्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डच्या आत, ग्लोव्हबॉक्सच्या मागे, कूलिंग कॉइल असते. तिथे दाब वातावरणाच्या साधारण तिप्पट ठेवतात, त्यामुळे हा द्रव शून्याच्या जरासा वर उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वायूला वातावरणाच्या पंधरा-सतरा पट दाबावर चेपतो. इतक्या दाबाखाली तो ५५-६० अंशांना पुन्हा द्रव होऊ शकतो, म्हणजे भर उन्हातली बाहेरची हवासुद्धा त्याच्यापुढे गारच ठरते. ही देवाणघेवाण होते रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरमध्ये. तिथून द्रव ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या केसाएवढ्या वाटेतून परत कॉइलकडे. उकळत्या द्रवाने माणसाला गारवा द्यावा ही गोष्ट कितीही वेळा समजून घेतली तरी थक्क करते. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला निघालेल्या पहिल्या एसी लोकलच्या यंत्रणेतही हेच चक्र होतं, फक्त आकाराने कैकपट मोठं.

बिघाड ओळखण्याची सगळ्यात बोलकी खूण उपनगरांतल्या रस्त्यांवरच मिळते. पश्चिम द्रुतगती महामार्गावर गाडी सुटली की हवा छान गार, आणि साकीनाक्याच्या किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या कोंडीत अडकली की पाच मिनिटांत कोमट. गाडी धावत असते तेव्हा वारा आपोआप कंडेन्सरवर आपटतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं. पंख्याची मोटर दमली असेल, रिले गेला असेल, किंवा कंडेन्सरच्या बारीक पात्यांमध्ये मेट्रोच्या कामाची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल लिंपून बसला असेल, तर उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. दाब चढतो आणि सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. कॉम्प्रेसर इंजिनावर चालत असल्याने आयडलला तो मुळातच सावकाश फिरतो, तेव्हा थोडा फरक निरोगी गाडीतही पडतो. पण स्पष्ट कोमट हवा आली तर आधी पंखा बघायचा आणि कंडेन्सर हलक्या धारेने धुऊन घ्यायचा. जोरदार प्रेशरच्या धारेने ती पाती वाकतात आणि दुखणं वाढतं. अंधेरी सबवेतल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढच्या काही दिवसांत ही तपासणी करून घ्यावीच.

दुसरी खूण याच्या नेमकी उलटी. सुरुवातीला झकास गार, मग तासाभराने जाळीतून येणारी हवाच क्षीण होत जाते, ब्लोअर मात्र जोरात घोंघावत असतो. एसी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा सगळं ठीक. इथे कॉइलवर बर्फ जमलेला असतो. केबिन फिल्टर काळाठिक्कर होऊन वारा अडला, किंवा कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर चुकला, की कॉइल शून्याखाली जाते आणि मुंबईच्या हवेतलं मुबलक पाणी तिच्यावर गोठत राहतं. फिल्टर काही शेकड्यांत मिळतो, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्स उघडून हाताने बदलता येतो. हे साधं काम वर्षानुवर्षं कुणी करत नाही याचं वाईट वाटतं, कारण दिवसातले दहा-बारा तास गाडीत काढणारा चालक हीच धूळ श्वासातून घेत असतो.

कधी यातलं काहीच बिघडलेलं नसतं. मुंबईत हीटर कुणाला लागत नाही, तरी गाडीत तो असतोच: इंजिनाच्या सुमारे ९० अंशांच्या पाण्याने तापलेली छोटी जाळी, कूलिंग कॉइलच्या शेजारीच. गार आणि गरम हवेत आड असतो एक प्लॅस्टिकचा पडदा आणि तो हलवणारी बोटभर मोटर. पडदा अर्ध्यावर अडकला की एसीने गार केलेली हवा हीटरवरून जाऊन ऊन होते.

तरी गॅरेजमध्ये गेल्यावर बहुतेक वेळा कानावर येतं, ‘गॅस संपलाय, भरून देतो.’ पेट्रोल जळतं, तसा हा गॅस खर्च होत नाही. बंद चक्रात तोच तो फिरत राहायला हवा. वर्षागणिक किंचित झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात गारवा गेला तर कुठेतरी गळती आहे. कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील, सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग, गॅस भरायच्या तोंडातला व्हॉल्व्ह, दगड लागलेला कंडेन्सर, या नेहमीच्या जागा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. समुद्र आणि खाडीकडून येणारी खारट हवा ॲल्युमिनियमला टोचे पाडते; दोन्हीकडून पाण्याने वेढलेल्या या शहरात कंडेन्सर आणि कॉइल पोखरल्या जाण्यात नवल नाही. जाणता मेकॅनिक बॉनेट उघडून आधी दोन पाइपांना हात लावून बघतो. जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप चांगला गरम. दोन्ही सारखेच लागले, तर एकतर कॉम्प्रेसर फिरतच नाहीये किंवा आत गॅस नाही. (चालू इंजिनाजवळ पट्टा आणि पंखा असतो, हे माहीतगारानेच करावं.)

गळक्या नळीत पुन्हापुन्हा गॅस ओतण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो केवळ पैशांपुरता नाही. कारण कळायला थोडं मागे जाऊ. १९३९मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली. तो एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवावा लागे. पुढे गाड्यांत वापरात राहिलेला आर-१२ हा गॅस ओझोनचा थर खातो हे उमगल्यावर १९८७मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, भारत १९९२मध्ये त्यात सामील झाला. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा एक किलो हवेत सुटणं म्हणजे साधारण १३०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस गळून गेला तर सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळल्याइतकी झळ पृथ्वीला बसते. युरोपातल्या नव्या गाड्यांत आता आर-१२३४वायएफ असतो. त्याचा हा परिणाम नगण्य आहे. एसीशिवायचे दिवसही मुंबईने पाहिलेत: कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी दाराच्या त्रिकोणी काचा तिरक्या करून वारा आत वळवायची. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तेव्हाची मोकळी काच आजच्या कोंडीत आणि धुळीत परवडणार नाही, म्हणून एसीची निगा नीट कळायला हवी.

योग्य दुरुस्तीला वेळ लागतो. उरलेला गॅस यंत्राने परत ओढून घ्यायचा, नायट्रोजनच्या दाबाने किंवा अतिनील उजेडात चमकणाऱ्या रंगाने गळती शोधायची, सील बदलायचं, चक्र उघडलं असेल तर ड्रायरही नवा घालायचा. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम. इतक्या कमी दाबाला पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं, त्यामुळे नळ्यांत शिरलेला दमटपणा वाफ होऊन निघून जातो. तो राहिला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फाचा कण बनून वाट अडवतो, आणि एसी मधूनच गार, मधूनच गरम असा लहरी वागू लागतो. त्यानंतर गॅस वजन करून भरायचा. कमी पडला तर कॉइल उपाशी राहते, जास्त झाला तर कंडेन्सरमध्ये द्रव तुंबून दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो. नेमकं वजन बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. गॅस भरताना मेकॅनिकला तो आकडा दाखवा आणि सिलिंडर काट्यावर ठेवायला सांगा.