शपथ मोडली तर इस्लाममध्ये प्रायश्चित्त काय? समजून घ्या 'कफ्फारा'

"अल्लाहची कसम, यापुढे त्याच्या घरची पायरी चढणार नाही!" रागाच्या भरात एक भाऊ दुसऱ्याबद्दल बोलून जातो. पुढे राग निवळतो, पण शपथ आडवी येते. मग शपथ पाळायची की भावाकडे जायचं?

इस्लामी धर्मशास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे. भावाकडे जायचं आणि शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त घ्यायचं. या प्रायश्चित्तालाच 'कफ्फारा' म्हणतात.

प्रत्येक शपथेला कफ्फारा लागतो का?

नाही. सवयीने, बोलण्याच्या ओघात तोंडून निघालेली 'कसम से' पकडली जात नाही. पुढे अमुक करीन किंवा करणार नाही, अशी जाणूनबुजून घेतलेली शपथ मोडली तर कफ्फारा लागू होतो. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटी शपथ घेणं हे मात्र मोठं पाप मानलं जातं.

कफ्फारा कसा द्यायचा?

कुराणातल्या 'अल-माइदा' या पाचव्या सूरहच्या ८९व्या आयतीत हा नियम आहे. दहा गरिबांना जेवण द्यायचं, तेही आपल्या घरात रोज असतं तशा मध्यम प्रतीचं. किंवा दहा जणांना कपडे द्यायचे. गुलामाला मुक्त करणं हा तिसरा पर्याय होता, जो आता उरलेला नाही. यातलं काहीच शक्य नसेल, तरच तीन रोजे.

हा 'तरच' महत्त्वाचा आहे. ऐपत असलेल्या माणसाला गरिबांना जेवू घालण्याऐवजी रोजे ठेवून मोकळं होता येत नाही.

महाराष्ट्रात सगळे एकच पद्धत पाळतात का?

भारतातले बहुतेक सुन्नी मुस्लिम हनफी पंथाचे आहेत, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई. हनफी मतानुसार दहा जणांना दोन वेळचं पोटभर जेवण किंवा ठरलेल्या धान्याची किंमतही देता येते. शाफई मतात रोख रक्कम चालत नाही. तिथे प्रत्येकाला 'एक मुद्द', म्हणजे साधारण ओंजळभर धान्य द्यावं लागतं. तीन रोजे हनफींना सलग ठेवावे लागतात, शाफईंना तशी अट नाही. घडून गेलेल्या गोष्टीबद्दलच्या खोट्या शपथेसाठी हनफी मतात कफ्फारा नाही, फक्त तौबा. शाफई मतात तौबेसोबत कफ्फाराही लागतो.

पण मग शपथेला अर्थ काय उरला?

शपथ जपा, असं तीच आयत सांगते. मात्र भलं काम टाळण्यासाठी शपथेची सबब चालत नाही. हजरत अबू बकर यांनी आपली मुलगी आयेशा यांच्या बदनामीत सामील झालेल्या मिस्तह या गरीब नातेवाईकाची मदत बंद करण्याची शपथ घेतली होती. त्यानंतर 'अन-नूर' सूरहची २२वी आयत उतरली, असं परंपरा सांगते. तिच्यात माफ करण्याचं आवाहन होतं. अबू बकर यांनी मदत पुन्हा सुरू केली.

भावाशी अबोला धरलेल्या माणसालाही हीच वाट मोकळी आहे. दहा गरिबांना जेवू घालायचं आणि भावाच्या घरची पायरी चढायची.