बिस्किटाला तारीख असते, शेंगेला नसते



२०१९ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. त्या वर्षी परतीच्या पावसाने आपला पिच्छा कसा सोडला नव्हता, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सातारा जिल्ह्यातील एका गावी मी नुकसानीच्या पंचनाम्यासाठी गेलो होतो. भुईमूग उपटून रानात टाकलेला आणि वरून चार दिवस झड लागलेली. पंचनामा उरकून एका घरी ओसरीवर टेकलो. सूनबाईंनी चहा आणला, बशीत बिस्किटे आणली. मग पुडा हातात घेऊन वाचला, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "अगं बाई, सहा महिने तर गेल्या आठवड्यातच भरलेत! राहू द्या साहेब, खाऊ नका." बशी आत गेली आणि बिस्किटे अंगणातल्या कुत्र्याला मिळाली.

मला कौतुक वाटले. गावातली सून पुड्यावरची तारीख वाचते, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच ओसरीवर तिच्या सासूबाई भिजलेल्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे दोन ढीग होते. मोठा स्वच्छ ढीग बाजारचा. धाकटा ढीग फुटक्या, काळपट, आतून हिरवट भुरा धरलेल्या शेंगांचा. मी विचारले, "आजी, हा ढीग कशाला ठेवला?"

"ह्यो व्हय? ह्यो घरला. थोडं घाण्यावर न्यायचं, थोडं चटणीला. उरलं तर म्हशीला."

तुमच्या घरी काय होते, ते एकदा आठवून पाहा. तारीख उलटलेले बिस्कीट कुत्र्याला आणि बुरशीची शेंग लेकराच्या चटणीला, असे तर होत नाही ना?

पुड्यावर दोन प्रकारची तारीख असते

आधी पुड्याचे पाहू. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्याखाली २०२० साली केलेल्या लेबलाच्या नियमांप्रमाणे बंद पुड्यातील बहुतेक खाद्यपदार्थांवर दोन गोष्टी छापाव्या लागतात. एक, माल कधी तयार झाला किंवा बांधला ती तारीख. दुसरी, 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय', म्हणजे खाण्याची शेवटची तारीख. ही उलटली की तो माल दुकानदाराने विकायचा नाही. याशिवाय काही पुड्यांवर 'बेस्ट बिफोर' असते. त्याचा अर्थ वेगळा. तोपर्यंत पदार्थाची चव, वास, कुरकुरीतपणा पूर्ण राहील, एवढेच कंपनी सांगते. त्यानंतर तो खराबच होईल असे नाही. त्या घरच्या पुड्यावर हेच छापलेले होते. कोरडे, बंद पुड्यातले बिस्कीट आठवड्याने मऊ पडेल, तुपाचा खवट वास येईल, पण त्याने सहसा माणूस आजारी पडत नाही. खरे सांगायचे तर मी ते चहात बुडवून खाल्ले असते.

दूध, पनीर, मांस, अंडी यांचे तसे नाही. त्यांच्यावरची शेवटची तारीख तंतोतंत पाळावी. आणि एक लक्षात ठेवा. ही तारीख लेबलावर लिहिल्याप्रमाणे माल ठेवला तरच खरी. थंड ठेवायची दुधाची पिशवी दुपारच्या एसटीत पायाशी दोन तास राहिली, तर तिच्यावरची तारीख कामाची नाही. पुडा फोडल्यावरही ती तारीख संपलीच. तारीख खोडलेला, वर दुसरी चिकटवलेला किंवा फुगलेला डबा अर्ध्या किमतीत मिळाला तरी घेऊ नका. आठवडी बाजारात असा माल हमखास येतो. फुगलेल्या डब्यातील पदार्थ तर चाखूनही पाहू नये.

नाकावर किती विश्वास ठेवावा?

आपल्या घरात तारखेचे काम नाक करते. भाजी विटली, आमटी आंबली, तेल खवट झाले, दूध नासले, हे नाकाला बरोबर कळते. नाकाने नको म्हटले की अन्न टाकावे, यात वाद नाही. अडचण वेगळीच आहे. नाकाने बरे म्हटले म्हणजे अन्न चांगलेच, असे मात्र होत नाही.

रात्रीच्या भाताचे उदाहरण घ्या. तांदळात काही जंतूंची बीजे असतात. ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते जंतू वाढतात आणि विष तयार करतात. भाताला वास येत नाही, तारही सुटत नाही. सकाळी फोडणी दिल्याने जंतू मरतील, पण विष तसेच राहते. पिढ्यान्‌पिढ्या आपण फोडणीचा भात खात आलो आणि रोज काही कोणी आजारी पडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. माझीही ती आवडती न्याहारी आहे. तरी उन्हाळ्यात लहान मूल, म्हातारे माणूस व गरोदर बाई यांना तो देऊ नये. शिजलेले अन्न घरातल्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फ्रीज असेल तर दोन तासांच्या आत त्यात ठेवा. नसेल तर रात्री मूठभर तांदूळ कमी टाकणे हाच उपाय. भाकरीचे बरे असते. ती कोरडी असते, म्हणून शिळी भाकरी चालते. पण पावसाळ्यात तिच्यावर ठिपका दिसला की तेवढा तुकडा मोडून बाकीची खाऊ नका. बुरशीचे तंतू आत गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. लोणच्याचेही तसेच.

जत्रेतल्या पेढ्या-बर्फीने उलट्या होतात, त्याचे कारणही बहुधा असेच. हाताला जखम असलेल्या माणसाने खवा मळला, तो उघड्यावर राहिला की झाले. चवीत फरक नाही, आणि काही तासांतच पोट उलटते.

पण भात काय, पेढा काय, जो त्रास व्हायचा तो त्याच दिवशी होतो. माणूस कारण ओळखतो आणि पुढे जपतो. शेंगेच्या बुरशीचे तसे नाही, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

हिरवट भुरा

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे कोंबडीवर्गातील पक्षी एकाएकी मरू लागले. एक लाखाहून अधिक पक्षी गेले. रोग कोणताच सापडेना. शेवटी शोध लागला तो त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीचा. त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढलेली होती. तिने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले.

हे झाले परदेशातले आणि पक्ष्यांचे. १९७४ सालच्या अखेरीस आपल्या शेजारी काय झाले ते पाहा. गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांतील दीडशेहून अधिक गावांत काविळीसारखा आजार पसरला. डोळे पिवळे होत, पोटात पाणी साठे. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ माणसे मरण पावली. ही कुटुंबे मक्यावर जगणारी होती. अवेळी पावसात भिजलेला मका घरात नीट न सुकवता साठवला गेला आणि त्याला बुरशी धरली. घरात दुसरे धान्य नसल्याने तोच रोज खाल्ला गेला. त्या घरांतील उष्ट्यावर जगणारी कुत्रीही त्याच आजाराने मेली.

एवढा मोठा घात क्वचित होतो. नेहमीचा प्रकार हळू चालतो. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात जाते आणि यकृत बिघडत राहते. अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होतो, हे आता निश्चित झाले आहे. ज्याला हेपॅटायटिस बी ही कावीळ आहे, त्याला धोका कितीतरी अधिक. म्हणून आपल्या देशात शेंगदाण्यात किलोमागे जास्तीत जास्त १५ मायक्रोग्रॅम, एवढीच मर्यादा घातली आहे. म्हणजे टनभर दाण्यांत मिळून १५ मिलिग्रॅम. एवढ्या सूक्ष्म गोष्टीला ना वास, ना चव.

"भाजले की मरतंय," असे आजी म्हणाल्या. बुरशी मरते, विष मरत नाही. भाजणे, उकडणे, तळणे या घरच्या आचेने ते पूर्ण जात नाही. घाण्यावर नेले तर काही विष तेलात उतरते, कारण आपले घाण्याचे तेल गाळलेले असते, कारखान्यातल्यासारखे शुद्ध केलेले नसते. बाकीचे बहुतेक पेंडीत राहते. ती पेंड म्हशीपुढे ठेवली की एका दिवसात विषाचा अंश दुधात दिसू लागतो. दूध उकळले तरी तो जात नाही. म्हणजे चटणीतून वाचलेले मूल दुधातून सापडले. बदकांची पिले तर त्याने फार लवकर मरतात.

इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, भिजलेल्या शेंगांचे काय करू असे कोणी विचारले की मी सरळ सांगत असे, "खाऊ नका, जनावरांना घाला." कोणाचेही जनावर माझ्यासमोर मेले नाही, म्हणून मला ते बरोबर वाटत राहिले. पुस्तकात वाचलेले पेंडीचे प्रकरण आणि गोठ्यातली पाटी यांची सांगड घालायला मला बराच काळ लागला.

निवडणे चांगले, पण निवडलेले कोणी खायचे?

आजींचे निवडणे मुळात चूक नव्हते. हे विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. थोड्याच दाण्यांत ते ठासून भरलेले असते आणि ते दाणे बहुधा फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले, किडीने पोखरलेले असतात. ते बाजूला काढले की उरलेल्या मालातील विष बरेच कमी होते. पण मग ते गेले कुठे? त्या धाकट्या ढिगात. पोतेभर शेंगांतले विष चार पायल्यांत गोळा करून आपण घरच्यांसाठी ठेवतो, असा त्याचा अर्थ झाला. चांगला माल विकावा आणि उरलासुरला घरात खावा, ही आपली जुनी काटकसर आहे. कोंड्याच्या भाकरीवर वाढलेल्या पिढीला ती शिकवावी लागली नाही. पण वाकडी काकडी किंवा दबलेला टोमॅटो घरात खाणे वेगळे आणि बुरशीचा दाणा खाणे वेगळे.

तो ढीग खोल खड्ड्यात पुरावा, नाहीतर जाळावा. दाणे खाताना एखादा कडू किंवा कुबट लागला तर गिळू नये, थुंकून टाकावा आणि चूळ भरावी. मुलांना हे मुद्दाम शिकवा. ती लाजेने गिळतात.

मुळात हा ढीग लहान राहावा यासाठी काय करता येईल? शेवटच्या महिन्यात पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नये. तापलेल्या, तडकलेल्या जमिनीत बुरशी उभ्या पिकातच शेंगेत शिरते. काढणी वेळेवर करावी, खुरप्याने फुटलेल्या शेंगा तिथेच वेगळ्या काढाव्यात. उपटलेली झाडे शेंगा वर करून पसरावीत. शेंगा पातळ थरात वाळवून, कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आला की पोती भरावीत आणि ती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. फोडायला सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची खोड अनेक ठिकाणी आहे. चांगल्या वाळलेल्या मालाचा घात यानेच होतो. पाणी मारून फोडलेले दाणे पोत्यात बंद करू नका.

मका आणि खरिपाची ज्वारी यांचेही दोन शब्द. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी स्वस्तात येते. १९९५ साली कर्नाटक व आंध्रातील काही गावांत अशा भिजक्या ज्वारी-मक्याची भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. तिथे बुरशी निराळी होती आणि विषही निराळे. पण वाळवण्याचा नियम तोच. साठवणीतले धान्य १२ टक्के ओलाव्याच्या वर नसावे. दाताखाली दाणा कटकन फुटला तर ठीक, दबला तर पुन्हा उन्हात घालावा.

त्या दिवशी एवढे सारे ऐकून आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, एवढ्या शेंगा मातीत घालायच्या म्हंजी जीवावर येतं." मला उत्तर सुचले नाही. आधीच निम्मे पीक पावसाने नेलेले. मी फक्त विचारले, घरात लहान किती? तीन नातवंडे होती.

सूनबाई उठल्या. धाकटा ढीग घमेल्यात भरून त्यांनी मागे परड्यात नेला. आजींनी पदर झटकला आणि बाजारच्या ढिगातून चार पायल्या मोजून घरच्या डब्यात ओतल्या. पोत्याचे वजन घटले म्हणून त्यांचा मुलगा जरा कुरकुरला. मग त्यानेच कुदळ घेतली आणि खड्डा खणायला गेला. कुत्रे त्याच्या मागोमाग निघाले, तेव्हा आजींनी त्याला हाक मारून परत बोलावले.