इमारतीआधी अंगण : लँडस्केप आणि नियोजन फर्मबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

चारकोपमधल्या पत्त्यांत आजही ‘आरएससी’ आणि ‘आरडीपी’ ही अक्षरे भेटतात. आधी सेक्टर, मग रस्ता, मग प्लॉट आणि शेवटी सोसायटी. ही वस्ती आपोआप वाढलेली नाही, आखून वसवलेली आहे, याची ती खूण. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने कांदिवली पश्चिमेच्या या खाडीलगतच्या सखल जमिनीवर छोटे छोटे प्लॉट पाडले. साधारण पस्तीस घरांचा एक गट, मधोमध सामाईक अंगण आणि त्या गटाची स्वतःची सहकारी सोसायटी, अशी रचना. रस्ते, पाणी, मलनिस्सारण म्हाडाने दिले; घर मात्र ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधले, वाढवले.

आता इथे पुनर्विकासाचे वारे आहेत. स्वयंपुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या इमारतीही चारकोपने पाहिल्या. काल बैठ्या घरात राहणारी कुटुंबे आज आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि लँडस्केप सल्लागार नेमत आहेत. मुंबईत लँडस्केप आणि नियोजनाच्या फर्मकडे कामे वाढत आहेत, तसे त्यांच्याविषयीचे गैरसमजही पसरत आहेत. त्यांतले काही ग्राहकांचे आहेत, तर काही या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांचे.

गैरसमज १ : लँडस्केप म्हणजे इमारत पूर्ण झाल्यावर करायची सजावट.

वस्तुस्थिती : कामाचा क्रम लावला तर हा विषय पहिल्या बैठकीतला आहे, कारण त्याची सुरुवात झाडांपासून होत नाही, पाण्यापासून होते. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला जातो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. २६ जुलै २००५ ला तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. पर्जन्यवाहिन्यांविषयीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. भरतीच्या वेळी खाडीच पाणी मागे ढकलते. अशा सखल भागात जोत्याची पातळी, अंगणाचा उतार आणि पाणी मुरायला किती उघडी माती ठेवली, यावर पावसाळा कसा जाणार हे ठरते.

पोडियमवरच्या बागेचे उदाहरण घ्या. ब्रोशरमध्ये तिथे दाट सावलीचे वृक्ष दाखवलेले असतात. भिजलेली माती घनमीटरला सुमारे पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे मीटरभर खोल माती घातली, की स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर तेवढा बोजा आला. खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर संरक्षक थर, निचऱ्याचा थर, जिओटेक्स्टाइलचे कापड आणि मग माती, असा हा सगळा छेद स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबात स्लॅब पडण्याआधी असावा लागतो. नंतर बोलावलेल्या लँडस्केप आर्किटेक्टच्या हातात हिरवळ आणि कुंड्या एवढेच उरते. म्हणून अशा फर्मच्या प्रमुखाला ग्राहकाकडून सर्वांत आधी मिळवावी लागते ती वेळेवरची खुर्ची. नकाशा कच्चा असताना तो टेबलाशी असला, तरच त्याच्या कामाला अर्थ.

बागेच्या पलीकडची कामेही याच विद्येत येतात. चारकोपपासून जवळच गोराईचे डम्पिंग ग्राउंड १९७२ पासून कचरा घेत होते. २००७ मध्ये ते बंद झाले आणि सुमारे २० हेक्टरचा तो ढीग शास्त्रीय पद्धतीने बंदिस्त केला गेला. उतार घडवणे, अभेद्य थर घालणे, आतला वायू बाहेर काढणे, गळणारे घाण पाणी अडवणे आणि सर्वांत वर हिरवे आच्छादन, अशी ती कामे. जमिनीला पुन्हा माणसात आणण्याचे हे काम बागकामाच्या बजेटमध्ये बसत नाही.

गैरसमज २ : नियोजन हे सरकारी खात्याचे काम, खासगी फर्म फक्त नकाशे रंगवून देते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखडा मंजूर करण्याचा अधिकार शासनाचा आहे, हे खरे. कल्पना मात्र अनेकदा बाहेरून आल्या आहेत. नवी मुंबईचा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तीन खासगी व्यावसायिकांनी मांडला. १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकाने तो छापला आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पी. के. दास यांच्या फर्मने वांद्र्याच्या किनाऱ्यावरील पदपथांपासून इर्ला नाल्यापर्यंतची कामे रहिवाशांच्या संघटनांबरोबर केली. त्यांना २०१६ मध्ये जेन जेकब्स पदक मिळाले.

नियोजनाचा आणखी एक धडा मुंबईला त्याही आधी मिळाला होता. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. वाढत्या फर्ममध्ये पहिली काटछाट पाहणीवरच होते. मुदत जवळ आली की साइटवर जाणारी माणसे कमी होतात आणि संगणकासमोर बसणारी वाढतात. प्रमुखाने रोखायला हवी ती हीच गोष्ट.

गैरसमज ३ : अशी फर्म फक्त आर्किटेक्टच चालवू शकतो.

वस्तुस्थिती : वास्तुविशारद अधिनियम, १९७२ ‘आर्किटेक्ट’ या पदनामाला संरक्षण देतो. नोंदणी नसताना ते नाव लावणे गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना स्पष्ट सूट आहे. हे कलम पदनामाचा गैरवापर रोखते, कामावर बंदी घालत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला.

याचा अर्थ कोणीही उठून पाटी लावावी असा नाही. वनस्पतिशास्त्र, जलव्यवस्थापन, नगररचना, सिव्हिल इंजिनिअरिंग या सगळ्या शाखांची माणसे एका छताखाली मानाने काम करू शकतात, असा आहे. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ ही ओळख ज्याच्यामुळे रूढ झाली, तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड शेती आणि पत्रकारिता करून या कामात आला होता. १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा त्याने कॅल्व्हर्ट वॉक्स या आर्किटेक्टच्या जोडीने जिंकली. पुण्यात केतकी घाटे आणि मानसी करंदीकर यांनी ‘ऑइकॉस’ ही संस्था परिसरशास्त्राच्या पायावर उभी केली. या व्यवसायात नेतृत्व पदवीपेक्षा जमिनीच्या समजेवर ठरते.

गैरसमज ४ : भरपूर झाडे लावली की पर्यावरणाचे काम झाले.

वस्तुस्थिती : कुठे, कोणते आणि कशाच्या बदल्यात, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेनट्री दक्षिण अमेरिकेतला. मुंबईच्या रस्त्यांवर ते सर्रास दिसतात. खारे वारे आणि खारी जमीन सोसणारी भेंडी, करंज, उंडी ही आपल्या किनाऱ्याची झाडे नर्सरीच्या यादीत मात्र खाली राहतात. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड ‘हेरिटेज’ ठरते आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. त्यामुळे प्लॉटवरचे जुने झाड वाचवून नकाशा बसवणे हे कौशल्य आर्थिकदृष्ट्याही मोलाचे ठरते.

चारकोपच्या पश्चिमेला कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश बेकायदा ठरवला. त्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. किनाऱ्यावरच्या अशा निर्बंधांची किंमत मोठ्या प्रकल्पांनीही मोजली आहे. चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोचा करार २०१० मध्ये झाला. कारडेपोची जागा किनारा नियमन क्षेत्रात येणे ही त्याच्या मोठ्या अडचणींपैकी एक होती. २०१४ मध्ये तो करार रद्द झाला. या भागात मेट्रो धावली ती एप्रिल २०२२ मध्ये, मेट्रो २अ च्या पहिल्या टप्प्यात.

गैरसमज ५ : हातात कामे भरपूर म्हणजे फर्म भक्कम.

वस्तुस्थिती : चांगल्या फर्म अडचणीत येतात त्या अनेकदा काम जोरात असतानाच. फी टप्प्याटप्प्याने मिळते. संकल्पना, ड्रॉइंग, टेंडर, साइटवरची देखरेख. पगार मात्र दरमहा. खासगी ग्राहकाला टॅक्स इन्व्हॉइस दिले की १८ टक्के जीएसटी भरण्याची जबाबदारी सुरू होते, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. म्हणून बरीच ऑफिसे आधी प्रोफॉर्मा बिल पाठवतात. वरून १० टक्के टीडीएस कापला जातो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या फर्मने हा हक्क करारातच लिहून घ्यावा.

दुसरा धोका सर्वांत कमी दराच्या टेंडरचा. काम मिळवण्यासाठी फी इतकी पाडली जाते, की साइटच्या फेऱ्या परवडत नाहीत. गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देणाऱ्या निवडपद्धतीतली कामे निवडणे हा त्यावरचा शहाणा मार्ग. शिवाय लावणीचा कस दोन-तीन पावसाळ्यांनंतरच लागतो. देखभालीचा काळ आणि त्याची फी करारात नसेल, तर रोप मेले की बोट फर्मकडे आणि जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी स्थिती होते.

गैरसमज ६ : फर्म म्हणजे प्रमुखाचे नाव, तो गेला की संपले.

वस्तुस्थिती : ओल्मस्टेडच्या मुलांनी १८९८ मध्ये ‘ओल्मस्टेड ब्रदर्स’ नावाने काम पुढे नेले आणि विसाव्या शतकात ते अमेरिकाभर पोहोचले. भारतात या व्यवसायाच्या पहिल्या पिढीतले मराठी नाव प्रभाकर भागवत यांचे. अहमदाबादच्या ‘सेप्ट’मध्ये लँडस्केपच्या शिक्षणाची घडी बसवण्यात त्यांचा वाटा होता, त्यांच्या नावाची फर्म पुढे अनिकेत भागवत यांनी चालवली आणि तिच्या जोडीला ‘लीफ’ हे प्रतिष्ठान उभे केले. दोन्हीकडे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात अडकून राहिले नाही. शिकवणे, लिहिणे आणि जुन्या कामांच्या नोंदी ठेवणे यांतून ते पुढच्या हातांत गेले. दहा माणसांची फर्म तीसची होते, तेव्हा प्रत्येक रेषा प्रमुख तपासू शकत नाही. कोणत्या मातीत काय जगले, कुठला निचरा तुंबला, याची ऑफिसातली नोंदवही मग त्याच्या डोळ्यांची जागा घेते.

चारकोपची कसोटीही काळानेच लावली. अशा प्लॉट-आणि-सुविधा योजना महाग आणि संथ म्हणून जागतिक बँकेने पुढे बाजूला ठेवल्या. मुंबई आणि चेन्नईतल्या या वस्त्यांचा वीस वर्षांनंतर पुन्हा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अपयशी समजलेल्या या वस्त्या नांदत्या असल्याचे त्यात दिसले.

म्हणून पुनर्विकासाच्या वाटेवरच्या प्रत्येक सोसायटीने सल्लागार नेमताना तीन गोष्टी विचाराव्यात. पावसाचे पाणी कुठे जाणार? मोठ्या झाडांसाठी माती किती खोल मिळणार? आणि काम संपल्यावर तीन पावसाळे त्याकडे कोण पाहणार? उत्तरे लेखी घ्यावीत, आणि तीही इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी.