बँड संपला, आवाज उरला

न्यूयॉर्कमधला एक अंडरग्राउंड बँड १९९७ साली सुरू झाला आणि १९९९ साली संपलाही. पण मागे राहिलेल्या एका सीडीने त्याला असे चाहते मिळवून दिले, ज्यांनी त्याला कधी स्टेजवर पाहिलंच नव्हतं. भेटा 'सेटिया'ला!

आधी एक छोटीशी वॉर्निंग. हे म्युझिक पहिल्यांदा ऐकताना हेडफोन लावा, नाहीतर शेजारच्या काकू बेल वाजवून विचारतील, 'सगळं ठीक आहे ना गं?' कारण सुरुवातीला गिटार अगदी हळुवार, जवळजवळ लाजत वाजत असते. दुसरी गिटार तिच्याशी गप्पा मारायला येते. तुम्ही चहाचा कप हातात घेऊन जरा रिलॅक्स होता... आणि तेवढ्यात एक मुलगा जिवाच्या आकांताने ओरडायला लागतो. ड्रम्स अंगावर धावून येतात. तीन-चार मिनिटांत खेळ खल्लास.

या प्रकाराला म्हणतात 'स्क्रीमो'. आणि ज्या बँडचं नाव या जॉन्रच्या चाहत्यांच्या यादीत हमखास वरच्या नंबरात असतं, तो म्हणजे न्यूयॉर्कचा 'सेटिया'. बँड जन्मला तेव्हा मी रांगतही नव्हते. मला तो सापडला २००१ साली निघालेल्या 'अ रेट्रॉस्पेक्टिव्ह' या संग्रहातून. एका बैठकीत संपूर्ण बँड. पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत.

ओरडण्यामागची गोष्ट

'हे काय गाणं झालं?' असं तुम्ही म्हणणार, माहितीये. तर थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ या. १९८५च्या सुमारास वॉशिंग्टन डीसीमध्ये 'राइट्स ऑफ स्प्रिंग'सारखे बँड हार्डकोर पंक वाजवत होते. फक्त सरकारला शिव्या घालण्याऐवजी ते स्वतःच्या मनातलं बोलायला लागले. त्यातून 'इमो' हा शब्द आला. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन डिएगोमध्ये 'हेरोइन', 'अँटिऑक अ‍ॅरो' या पोरांनी आणि 'ग्रॅव्हिटी' या छोट्या लेबलने ते सगळं आणखी वेगवान, आणखी बेभान केलं. तिथून स्क्रीमो खरा सुरू झाला.

पुढे २०००नंतर हाच शब्द 'थर्सडे', 'द यूज्ड' अशा मोठ्या लेबलांवरच्या बँडनाही चिकटला. टीव्हीवर व्हिडिओ, काजळ घातलेली मुलं, घोषा लावता येईल असे कोरस. जुने चाहते वैतागले. आपलं ते वेगळं हे सांगायला त्यांनी 'स्क्रॅम्झ' असा गमतीदार शब्द वापरायला सुरुवात केली. गंमत अशी, की हा टिंगलीतला शब्दही आता सीरियसली वापरला जातो!

स्पेलिंग चुकलं, नाव मिळालं

'सेटिया' हे नाव मात्र पंकमधून नाही, थेट जॅझमधून आलं. माइल्स डेव्हिसचा १९६०चा 'स्केचेस ऑफ स्पेन' हा अल्बम आठवतोय? त्यात 'साएता' नावाची एक ट्यून आहे. या मुलांनी ते नाव उचललं आणि स्पेलिंगमध्ये एक 'आय' जास्तीचा घुसला. तो तसाच राहिला.

पण साएता म्हणजे काय, हे कळलं की नाव एकदम फिट वाटायला लागतं. स्पेनच्या दक्षिण भागात, आंदालुसियात, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात येशू आणि मेरीच्या मूर्ती खांद्यावरून मिरवल्या जातात. मिरवणूक चालू असताना बाल्कनीतून किंवा गर्दीतून एखादी व्यक्ती अचानक गायला लागते. साथीला काही नाही. नुसता उघडा गळा, देवाला घातलेली आर्त हाक. मिरवणूक थांबते, लोक गप्प होतात. गाणं संपलं की पुन्हा सगळं पुढे सरकतं.

बिली वर्नर या गायकाचा आवाज ऐकताना मला तीच बाल्कनी आठवते. तो सूर लावायला जात नाही. आधी पुटपुटतो, मग बोलतो आणि बोलणं पुरेनासं झालं की ओरडतो. त्यात दरारा नाही, राग फार कमी आहे. आहे ती धडपड. शिवाय त्याचा आवाज गिटारच्या पुढे नाही, गिटारच्या गर्दीत आहे. म्हणजे आपण त्याला ऐकत नाही, शोधत बसतो.

आणि गाण्यांची नावं बघा! 'रोकांतां' हे सार्त्रच्या १९३८च्या 'नॉशिया' या कादंबरीतल्या नायकाचं नाव. 'एंडिमिअन' आणि 'एरिअ‍ॅड्नीज थ्रेड' थेट ग्रीक पुराणांतून. ही न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या आसपास जमलेली, पुस्तकं वाचणारी मुलं होती, आणि ते त्यांनी लपवलं नाही. थोडं शायनिंग? असेल. पण विशी-बाविशीत ज्याने सार्त्र मिरवला नाही, त्याने पहिला दगड मारावा.

रिव्हिंग्टन स्ट्रीट, शनिवार दुपार

हे सगळं चालायचं कुठे? तर मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, १५६, रिव्हिंग्टन स्ट्रीट इथे 'एबीसी नो रिओ' नावाचं एक केंद्र होतं. पडकी बिल्डिंग. १९८० साली कलाकारांनी ती ताब्यात घेतली. समोरच्या वकिलाच्या जुन्या पाटीवरची काही अक्षरं गळून पडली होती, उरलेल्या अक्षरांवरून हे नाव पडलं. म्हणजे इथेही स्पेलिंगचीच कृपा!

तिथे शनिवारी दुपारी पंकचे शो व्हायचे. दुपारी, म्हणजे शाळकरी पोरांनाही येता यावं. तिकीट अगदी किरकोळ, काम करणारे सगळे व्हॉलंटियर. नियम एकच पण कडक: वर्णद्वेषी, बायकांना तुच्छ लेखणारी किंवा समलिंगींचा द्वेष करणारी गाणी चालणार नाहीत. अशा जागांवर 'सेटिया'सारखे बँड उभे राहिले. व्हीआयपी पास नाही, बॅकस्टेज नाही. गायक आणि ऐकणारा यांच्यात जेमतेम एका हाताचं अंतर.

रेकॉर्ड काढायचं कामही घरचंच. ड्रमर ग्रेग ड्रूडीने बँडची पहिली सात इंची तबकडी काढता यावी म्हणून १९९७मध्ये 'लेव्हल प्लेन' हे स्वतःचं लेबल सुरू केलं. १९९८मध्ये एकुलता एक अल्बम आला. १९९९मध्ये 'एरोनेल' ही ईपी आली. हे नाव पुन्हा जॅझवाल्याचं. थेलोनियस मंकने १९५१ साली रेकॉर्ड केलेली ट्यून, जिचं नाव उलटं वाचलं की 'लेनोर' होतं. आणि त्याच वर्षी बँडने आवरतं घेतलं. ना कोर्टकचेरी, ना फेअरवेल वर्ल्ड टूर.

समग्र सेटिया

आता खरा मुद्दा. सात इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम पाच-सहा मिनिटं मावतात. अशा तबकड्या थोड्याच छापल्या जातात, शोमध्ये हातोहात विकल्या जातात आणि मग कुणाच्या तरी कपाटात गडप होतात. बँड संपल्यावर त्या पुन्हा कोण छापणार? 'अ रेट्रॉस्पेक्टिव्ह' नसता, तर 'सेटिया' हा त्या दुपारी तिथे असलेल्या काही लोकांच्या आठवणींपुरताच उरला असता.

आपल्याकडे लेखकाचं 'समग्र वाङ्मय' निघतं ना, तसंच हे. फक्त इथे लेखक विशीतला आणि समग्र म्हणजे एक सीडी. पण 'समग्र' वाचताना जे होतं, ते इथेही होतं. तुम्हाला शेवट आधीच ठाऊक असतो. सुरुवातीची गाणी कच्ची, घाईतली. अल्बमपाशी येईपर्यंत गिटार श्वास घ्यायला शिकलेली. 'एरोनेल'ला पोचलात की शांतता आणि स्फोट यांच्यात कुठे थांबायचं, हे त्यांना नेमकं सापडलंय. आणि तिथेच संपतं. अरे, आत्ता तर जमायला लागलं होतं!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला याचंच वाईट वाटलं. मग पुन्हा पुन्हा ऐकताना वाटलं, का? आपल्या पिढीला प्रत्येक गोष्टीचा 'नेक्स्ट स्टेप' हवा असतो. छंद असेल तर त्याचं स्टार्टअप, मैत्री असेल तर नेटवर्किंग. एखादी गोष्ट दोन वर्षं मनापासून केली आणि थांबवली, की लोक विचारतात, 'काय झालं, फेल गेलं का?' ही सीडी त्यावरचं माझं आवडतं उत्तर आहे. संपणं आणि फसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त संपल्यावर कुणीतरी पसारा आवरून, नीट क्रमाने लावून ठेवायला हवा. ते काम या मुलांच्या स्वतःच्याच लेबलने केलं.

पुढे काय झालं?

बरंच काही! ड्रूडी त्या काळात आणखी एका नव्या बँडमध्ये ड्रम्स वाजवत होता. नाव 'इंटरपोल'. २००० साली तो त्यातून बाहेर पडला आणि २००२मध्ये त्यांचा पहिला अल्बम गाजला. ड्रूडी आणि वर्नर 'हॉट क्रॉस'मध्ये पुन्हा एकत्र आले. काही जणांनी 'ऑफ मायनर' काढला (हो, हीसुद्धा मंकचीच ट्यून). २००६मध्ये न्यूयॉर्क शहराने 'एबीसी नो रिओ'ला त्यांची बिल्डिंग एका डॉलरला विकली. २०१७मध्ये ती जुनी वास्तू पाडली गेली.

बँडचं रेकॉर्डिंग मात्र फिरत राहिलं. २०१६मध्ये 'सीक्रेट व्हॉइस' या लेबलने ते 'कलेक्टेड' नावाने पुन्हा काढलं. हे लेबल 'टुशे अमोरे' बँडच्या जेरेमी बोमचं, म्हणजे नंतरच्या पिढीतल्या स्क्रीमोवाल्याचंच. आणि २०२२मध्ये, तब्बल २३ वर्षांनी, 'सेटिया' पुन्हा स्टेजवर आला. समोरच्या गर्दीत असेही होते, जे १९९९ साली जन्मलेसुद्धा नव्हते. गाणी मात्र त्यांना तोंडपाठ होती. कुठून? त्याच समग्रातून.

ऐकायचंच असेल तर...

• सुरुवात 'व्हीनस अँड बॅकस'पासून करा. हळुवार ते बेभान हा प्रवास इथे सगळ्यात छान कळतो.

• मग शब्द समोर ठेवून 'वन डाइंग विश' ऐका. वाचत ऐकलं की ओरडणं एकदम बोलणं वाटायला लागतं.

• मध्येच माइल्स डेव्हिसची 'साएता' लावा. गायकाच्या जागी ट्रम्पेट आहे. हाक तीच.

• आवडलं तर पुढचा स्टॉप: व्हर्जिनियाचा 'सिटी ऑफ कॅटरपिलर' आणि टोकियोचा 'एन्व्ही'.

• नाही आवडलं? हरकत नाही. शेजारच्या काकू खूश होतील!